दप्तरांची राखण

"खुए, तू आज वरच थांब. दप्तरांची राखण कर," थोआबाई म्हणाल्या आणि खडू शोधायच्या निमित्ताने त्यांनी तोंड फिरवलं.

खुएने मान डोलावली. मधल्या सुट्टीतल्या कवायतीचा ढोल वाजला, तशी चौथीची पोरं गळ्यातले लाल रुमाल सारखे करत धडाधड जिना उतरली.

"बरं झालं! नाहीतर आपल्या रांगेची गोगलगाय होते," फुक म्हणाला. तो वर्गाचा मॉनिटर.

बाईंनी त्याला दटावायला हवं होतं. दटावलं नाही. खुएचा एक पाय आखूड. ढोलाच्या प्रत्येक ठोक्यामागे ती एक ठोका उशिरा पोचायची. आज कवायत बघायला हनोईहून साहेब आले होते, आणि उत्तम वर्गाची झेंडी थोआबाईंच्या दारावर आजवर कधी लागली नव्हती.

पटांगणात बदामाच्या झाडांखाली रांगा लागल्या. चौथऱ्यावर पाचवीतली एक मुलगी पोरांकडे तोंड करून उभी राहिली. तिथे उभं राहणाऱ्याने सगळं उलटं करायचं असतं. पोरांचा उजवा हात वर, तेव्हा आपला डावा. पोरं आरशात बघावं तशी तिच्याकडे बघून हात हलवतात. पण साहेबांना समोर बघून त्या पोरीची गाळण उडाली. तिने आपला उजवाच हात उचलला.

झालं! अर्ध्यांनी उजवा उचलला, अर्ध्यांनी डावा. एकाचा हात दुसऱ्याच्या नाकावर. शिपाईकाका मात्र इमानेइतबारे ढोल बडवत राहिले. थोआबाईंचा वर्ग तर हात खाली सोडून मख्ख उभा होता.

फुकने भांबावून इकडेतिकडे पाहिलं, मग वर पाहिलं.

"अरे, खुए बघा! खुएकडे बघा!"

चौथऱ्यामागे, वरच्या सज्जात, कठड्यापाशी खुए कवायत करत होती. पोरांकडे तोंड करून, डावा हात वर. अगदी चौथऱ्यावरच्या मुलीने करायची तशी, एकही चूक नाही. रोज शेवटच्या रांगेतून ही पोरगी एवढं टक लावून काय बघते, ते बाईंना आत्ता कळलं.

तिच्याकडे बघत सगळ्या वर्गाने उजवा हात उचलला. मग डावा. मग कमरेत वाक. त्या गोंधळात हा एकच वर्ग एकसाथ हलत होता, ढोलाच्या एक ठोका मागून.

"बाई, हा वर्ग मागे का पडतोय?" साहेबांनी विचारलं.

थोआबाईंना खोटं बोलवेना आणि खरं सांगायची लाज वाटली. झेंडी कुणाला मिळते ते ऐकायलाही त्या थांबल्या नाहीत. जिना चढून वर गेल्या.

त्यांना बघताच खुए लंगडत दारापाशी गेली आणि अंग चोरून उभी राहिली.

"चुकलं, बाई. दप्तरं सोडून बाहेर आले. पण दारातून लक्ष होतं माझं, खरंच."

 बाईंनी खाली बसून तिच्या रुमालाची सुटलेली गाठ पुन्हा बांधली. गाठ त्यांना लवकर जमेना.

"उद्यापासून दप्तरं मी राखते," त्या म्हणाल्या. "तू खाली जा."