कंपनीची खरखर

"आवं, कावून बदलता? हायेत तेच बरे हायेत की."

दीपमालानं हे म्हटलं तेव्हा अभिमन्यूनं पिकअपच्या दाराचं पॅड उचकटून काढलंही होतं. उत्तरेश्वरचं तोंड एवढंसं झालं. बीडला भाजी उतरवून, वडवणीचा सरळ रस्ता सोडून, तो मुद्दाम वाकडी वाट करून मांजरसुंब्याला आला होता. अभिमन्यू म्हणजे गाड्यांना टेप-स्पीकर बसवणाऱ्यांतला नावाजलेला माणूस. आणि ज्या बायकोसाठी एवढी हौस करायची, तीच म्हणतेय जुनं बरं!

"वहिनी, ह्याला बरं म्हनता?" अभिमन्यूनं गाडीबरोबर आलेला कंपनीचा स्पीकर दारातून उपसून तिच्यापुढं धरला. आतला कागद फाटून लोंबत होता. "हे वाजत न्हाईत, खोकतात."

दीपमाला हसली नाही. "मग ते टाकू नका. माझ्याकडं द्या," ती म्हणाली. दोन्ही स्पीकर तिनं पिशवीत घातले आणि पिशवी मांडीवर घेऊन गाडीत जाऊन बसली. आता काय म्हणावं! बायका दागिने सांभाळतात, ही फाटके स्पीकर सांभाळत बसली.

उत्तरेश्वरचं दुखणं निराळंच होतं. लग्नाला वर्ष होत आलं होतं. दिंद्रुडच्या घरात सदा माणसांचा राबता, त्यात आईचं, वत्सलाबाईंचं, चुलीपासून अंगणापर्यंत बारीक लक्ष. नवरा-बायको दोघंच असे असायचे ते फक्त पिकअपमध्ये, बाजाराला जाता-येता. आणि तिथं ही बया खिडकीबाहेर बघत बसायची. तो आपला हौसेनं गवळणी लावायचा, आवाज वाढवायचा, मग विचारायचा, "आवडलं का गं?"

"हं."

झालं! सगळ्या वाटेत मिळून एक हं. हिला आपण आवडलो नाही, असं त्याच्या मनानं हळूहळू घेतलं होतं. तोंडावर विचारायची काही छाती होत नव्हती. म्हणून सगळा दोष त्यानं स्पीकरवर ढकलला. त्या खरखरीत कोण कशाला बोलेल? चांगलं गाणं कानावर पडलं की माणूस आपोआप खुलतं, असं त्यानं स्वतःला पटवलं होतं.

अभिमन्यूनं दाराच्या पत्र्याला आतून जाड पट्ट्या चिकटवल्या, म्हणजे पत्रा थरथरायला नको. नवे स्पीकर स्क्रूनं आवळले, पॅड ठोकून बसवलं. "दादा, रोजचंच गाणं लावा. आजवर ऐकू आलं न्हाई ते आज ऐकू येईल. न्हाई आलं तर गाडी माघारी आणा."

गाडी केजच्या रस्त्याला लागली आणि उत्तरेश्वरनं टेप सुरू केला. अहाहा! मृदंगाची थाप वेगळी, टाळ वेगळे, बुवा तर दोघांच्या मधे येऊन बसल्यासारखा. त्यानं मोठ्या आशेनं बायकोकडं बघितलं. ती ओठ घट्ट मिटून, पिशवी आवळून बसली होती. बिचाऱ्याचा जीव खट्टू झाला. केज गेलं, धारूर गेलं, तरी तिनं हूं की चूं केलं नाही. आज तर हं सुद्धा नाही.

धारूरचा घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये गुरगुरायला लागली, तसा त्यानं आवाज आणखी वाढवला. त्याची सगळ्यात आवडती गवळण लागली होती. आणि तेवढ्यात त्याला ते ऐकू आलं. बुवाच्या मागं एका बाईचा आवाज होता. बारीक, पण सुराला पक्का. उत्तरेश्वर चाटच पडला. ही गवळण त्याची तोंडपाठ, पण तीत मागं बाई गाते हे त्याला ठाऊकच नव्हतं! अभिमन्यू खरं बोलला होता. त्या खोकणाऱ्या डबड्यांनी एवढा गोड आवाज दाबून ठेवला होता म्हणायचा. तो मान डोलवत ऐकत राहिला.

वळणावर मेंढरांचा कळप आडवा आला. मेंढक्या म्हातारा काठी उगारून ओरडला, "आरं, बंद कर की बे ते! मेंढरं बुजायलीत माझी!"

उत्तरेश्वरनं ब्रेक दाबला आणि टेपचं बटणही. मृदंग थांबला. टाळ थांबले. बुवा थांबला. बाई मात्र ओळ पुरी करूनच थांबली.

त्यानं वळून बघितलं. दीपमालाचा हात तोंडावर होता आणि कान लालबुंद झाले होते.

"तू?"

ती खाली बघूनच बोलली. "रोजच म्हनत आस्ते की मी. घरात आत्याबाई आसतात, रानात बाया आसतात. हितं त्या खरखरीत कुनाला ऐकू जायचं न्हाई. म्हनून तर म्हनलं, जुनेच ऱ्हाऊ द्या. आज घाटात गाडी गुरगुरायली, त्यात दडंल वाटलं. तुमी हसताल आसं वाटलं."

उत्तरेश्वरला हसू आलंच नाही. जिच्या एका शब्दासाठी वर्षभर जीव टाकला, ती वर्षभर शेजारी बसून गात होती, आणि तो शहाणा वरून टेपचा आवाज वाढवत होता! आनंदाच्या भरात त्यानं गाडीच बंद केली.

"गाडी माघारी वळवू का?" तो कसाबसा म्हणाला. "जुने बसवून घेऊ परत. तू मनात काही आणू नको."

शेवटचं मेंढरू रस्त्यापलीकडं गेलं. उत्तरेश्वरनं गाडी सुरू केली, पण टेपच्या बटणाला हात लावला नाही. दीपमालानं एकदा त्याच्याकडं नीट बघितलं. मग मांडीवरची पिशवी उचलून पायाशी ठेवली.

"खाली तेलगावात भंगारवाला आसंल, त्याला देऊन टाका हे," ती म्हणाली, आणि पदर सावरून तिनं गवळण पहिल्या ओळीपासून धरली.