चौथं शील

मांडवाबाहेर जीप थांबली. बुद्धरत्नने गळ्यातलं पक्षाचं उपरणं काढलं, घडी करून सीटवर ठेवलं.

"दादा, पाच गावं बसलीत आत," प्रचाराचं सगळं बघणारा किशोर म्हणाला. "माइक तुझ्याच हातात हाय. शेवटी दोन शब्द आपले टाक."

बुद्धरत्न पंचायत समितीला उभा होता. समोरचा उमेदवार प्रितम, आणि आजचं पुण्यानुमोदन प्रितमच्याच दिवंगत वडिलांचं, श्रीपतबाबांचं. पण कशेडी घाटाच्या पायथ्याच्या या वाड्यांना विधी करणारा बौद्धाचार्य एकच, बुद्धरत्न. प्रितमचा निरोप आला तसा तो प्रचारातली बारशी, हळदी, क्रिकेटची उद्घाटनं बाजूला ठेवून आला होता.

पांढऱ्या सदऱ्यातला प्रितम फोटोशेजारी बसला होता. नजरानजर झाली. दोघांनीही हात जोडले.

मेणबत्त्या लागल्या. त्रिशरण झालं, मग पंचशील. बुद्धरत्न एकेक शील म्हणे, मांडव त्याच्यामागून म्हणे. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं. तीनशे माणसांनी ते त्याच्यामागून म्हटलं.

आठवडाभर प्रत्येक सभेत तो सांगत आला होता, या वाडीचं नळपाणी आमच्या पक्षाने आणलं.

आदरांजलीला पहिलं बोलायचं त्यानेच. मागे खांबाला टेकून किशोरने मोबाइल वर धरला.

"वाडीत नळ आला तो श्रीपतबाबांमुळे," बुद्धरत्न म्हणाला. "सात वर्षं ते अर्ज घेऊन कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होते. या आठवड्यात मी वेगळंच सांगत फिरलो. ते खोटं होतं."

प्रितम खाली बघत राहिला. किशोरने मोबाइल खिशात टाकला आणि तो बाहेर निघून गेला.

जेवणं उरकल्यावर बुद्धरत्न निघाला, तशी श्रीपतबाबांची बायको येसूबाई त्याच्यामागून अंगणात आली.

"बुद्धरत्ना, माझं मत प्रितमला हाय. खोटं नाय सांगायची तुला."

"द्या काकी. लेक हाय तुमचा."

"पन मी गेले की गाथा म्हनायला तूच ये." तिने त्याचा हात धरला आणि हळूच विचारलं, "निवडून आलास तरी येशील ना रे?"