नलूचे जिवाणू

वृंदाने लॅबच्या पायरीवरच दोन्ही लिफाफे फोडले. धाकट्या बहिणीची, नलूची साखर उतरली होती. वृंदाची स्वतःची मात्र वाढली होती.

मधुमेहाने आईचा पाय गेल्यापासून दोघी धास्तावल्या होत्या. साखर मधुमेहाच्या काठावर आली, तशी दोघींनी तीन महिने एकच फायबरची पावडर घेतली होती.

"असं होतं कधीकधी," डॉक्टर फोनवर म्हणाले. "प्रत्येकाच्या आतड्यातले जिवाणू वेगळे असतात. पावडर एकीला लागू पडते, दुसरीला नाही."

वृंदाचा जळफळाट झाला. रूप नलूचं, चांगलं सासर नलूचं, आता जिवाणूसुद्धा नलूचेच चांगले!

संध्याकाळी नलू आली. "काय आलं गं ताई?"

"दोघींचीही वाढलीय," वृंदा बोलून गेली.

नलूने तिचा हात हातात घेतला. "बरं झालं, निदान दोघी बरोबर आहोत. तुझी एकटीची वाढली असती, तर माझ्या घशाखाली घास उतरला नसता."

वृंदाला तिच्याकडे बघवेना. "खोटं बोलले गं. तुझी उतरलीय," म्हणत तिने रिपोर्ट पुढे केला.

नलूने कागदाकडे पाहिलंच नाही. "आणि तुझी?" तिने विचारलं.