आयडेलाच्या कबरीपाशी

"आता उजवीकडे काय आहे?" ऑरिनने विचारलं.

"निवडुंग. माणसाच्या दुप्पट उंच," गाडी चालवता चालवता लिओना म्हणाली. "मागे तांबडे डोंगर. उन्हात नुसते पेटल्यासारखे दिसतायत."

म्हातारा ऑरिन टॅकेट खूश झाला. मधुमेहात त्याचे डोळे गेले होते, पण ड्राय वेल्सचा रस्ता त्याला पाठ होता. चढ लागला की तो म्हणायचा, "आता वळण." आणि वळण यायचं.

गावात पर्यटकांसाठी लुटुपुटूचा गोळीबार चालला होता. ते टाळ्या पिटत होते.

"आमच्या वेळी इथं बाहेरचं कुत्रं फिरकत नव्हतं," ऑरिन हसून म्हणाला. "खाण बंद पडली आणि जो तो पळाला."

"सगळ्यांच्या आधी तुम्ही."

बायकोला आणि दोन लहान मुलांना इथं टाकून तो एका बाईबरोबर निघून गेला होता. लिओना तेव्हा पाच वर्षांची होती. आई वारली, असं तिनेच त्याला गेल्या वर्षी फोनवर सांगितलं. तेव्हापासून त्याचा एकच धोशा होता : मला एकदा आयडेलाच्या कबरीपाशी ने. शेवटी आज सकाळी ती टूसानला जाऊन त्याला घेऊन आली होती.

कबरस्तान गावामागच्या टेकडीवर होतं. लिओनाने त्याचा हात धरून एका लाकडी क्रुसावर ठेवला.

"काय लिहिलंय गं?"

"आयडेला टॅकेट. लाडकी आई."

"बायको नाही लिहिलं?"

"नाही, पप्पा."

ऑरिन धडपडत गुडघ्यांवर बसला. टोपी काढून त्याने छातीशी धरली.

"आयडेला, मी आलोय," तो म्हणाला. "आपल्या वेंडेलला त्या दिवशी ताप होता. पोर फणफणलं होतं, मी हात लावून बघितलं होतं. तरी गाडी घेऊन गेलो. वाटलं, शेजारचं कोणीतरी नेईल डॉक्टरकडे." त्याने टोपी मुठीत चुरगळली. "खोटं बोलतोय मी. तसं काही वाटलं नव्हतं. त्याचा विचारच केला नाही. तो गेल्याचं कळलं, तेव्हाही आलो नाही. तुला तोंड कसं दाखवणार होतो? मला माफ कर गं. तेवढं ऐकायचं होतं, म्हणून जगलो."

तो हमसून हमसून रडला. लिओना हलली नाही. वाऱ्याने वाळू उडत होती.

बऱ्याच वेळाने त्याने बाहीने तोंड पुसलं.

"ऐकलं असेल का तिने?"

"सगळं ऐकलं."

"मग? करेल ना मला माफ?"

लिओनाने मान वर केली. क्रुसावर नाव कुणा जुन्या दरोडेखोराचं होतं, आणि त्या कबरीपलीकडे तिची आई उभी होती, चांगली जिवंत. आयडेलाने ओठ घट्ट मिटून घेतले आणि सावकाश, दोनदा, नकारार्थी मान हलवली.