अनीशची वाटणी

दहनानंतर मिळालेली पेटी शोभनाताईंनी ओट्यावर ठेवली आणि शेजारी स्टीलचे दोन डबे. अनीशच्या अस्थींचे दोन भाग करायचे होते. एक त्या स्वतः नागपूरला नेणार होत्या, रामटेकच्या अंबाळा तलावात सोडायला. दुसरा नेणार होती सून लेस्या, युक्रेनला, तिच्या माहेरी. दोघींची विमानं उद्याची होती.

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या त्या अपार्टमेंटमध्ये आता बॅगांशिवाय काही उरलं नव्हतं. त्यातल्याच एकीवर बसून सात वर्षांची नैना सफरचंद खात होती.

महिन्यापूर्वी ऑफिसला ड्राइव्ह करताना अनीशचं हृदय थांबलं होतं. लेस्याला अमेरिकेत थांबायचे मार्ग होते, पण तिला थांबायचंच नव्हतं.

"अजून विचार कर," शोभनाताई म्हणाल्या. "नागपूरला चल माझ्याबरोबर. तिथे कोणी वरून बॉम्ब टाकत नाही."

"आई, माझी मॉम तिथे एकटी आहे," लेस्या म्हणाली. मराठी तिला अनीशनं शिकवलं होतं.

मग मी कोण आहे गं, हे शब्द शोभनाताईंच्या अगदी ओठांवर आले होते. त्यांनी ते गिळले.

लेस्याचं गाव, त्रुस्कावेत्स, त्यांनी पाहिलेलं होतं. लढाई सुरू व्हायच्या आधी, मुतखड्यावर तिथल्या झऱ्याचं पाणी चांगलं म्हणून अनीशनंच त्यांना नेलं होतं. पाण्याला रॉकेलसारखा वास. पहिल्याच घोटाला त्यांनी तोंड वाकडं केलं, तेव्हा विहीणबाईंनी हसत हसत त्यांना हाताला धरून बाकावर बसवलं आणि स्वतःही एक पेला भरून घेतला. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती. तरी रोज सकाळी दोघी नातीची गाडी ढकलत बागेतून झऱ्यापर्यंत जायच्या, आणि मागून अनीश ओरडायचा, "आई, नाक दाबून पी!"

"तो म्हणायचा," लेस्या हळूच म्हणाली, "रिटायर झालो की तिथेच राहू. दोघी आयांना घेऊन."

हे त्यांना तो कधी बोलला नव्हता.

शोभनाताईंनी पेटी उघडली, चमचा हातात घेतला. मग चमचा बाजूला ठेवून त्यांनी झाकण लावलं आणि पेटी लेस्यापुढे सरकवली.

"घे. सगळाच ने."

"आणि तुम्ही?"

"माझं त्याच्याशी पुष्कळ बोलून झालंय. हिचं राहिलंय." त्यांनी नैनाकडे पाहिलं. "फक्त लगेच सोडू नका. घरातच ठेवा. लढाई थांबली की मी येते. मग विहीणबाई, तू, मी, सगळ्या मिळून सोडू."

लढाई कधी थांबेल, हे लेस्यानं विचारलं नाही. तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिच्या हुंदक्यांनी शोभनाताईंचं सगळं अंग हलत होतं, पण त्या ओट्याला धरून उभ्या राहिल्या.

नैना उठून जवळ आली आणि तिनं पेटीवर हात ठेवला. तिकडच्या घराखालच्या तळघराबद्दल आईनं तिला सगळं समजावून ठेवलं होतं. सायरन झाला की खेळणी शोधत बसायचं नाही, बूट घालायचे, बाबुस्याचा, म्हणजे तिकडच्या आजीचा, हात धरायचा आणि खाली उतरायचं.

"आजी," तिनं इंग्रजीत विचारलं, "सायरन झाला की बाबालापण खाली न्यायचं ना?"

लेस्यानं तोंड फिरवलं.

"हो बाळा," शोभनाताई म्हणाल्या. "त्याला वर एकटं ठेवू नका."