सलग छापलेली नावं

एकशे बारा नावं. चालू माईक. वटारहून दोन वर्षांपूर्वी पापडी गावात सून म्हणून आलेली शर्ली. ताज्या शाईचा वास. ओळ संपल्याची खूण लिनक्स एकच ठेवतं, जुन्या विंडोजला दोन लागतात.

यादी तिनेच आपल्या लॅपटॉपवर, लिनक्सवर टाइप केली होती. एका घरातल्या मृतांची नावं एकाखाली एक, त्याखाली ती देणाऱ्याचं नाव, मग एक कोरी ओळ. चर्चच्या कार्यालयातल्या जुन्या विंडोजला ओळी कुठे संपतात ते दिसलंच नाही; सगळी नावं सलग छापली गेली. शर्लीने न बघताच छापलेला कागद उचलला. आता दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनाच्या मिस्सेत, भरल्या चर्चसमोर, तो तिच्या हातात होता.

इनासआग्नेसबेसिलफर्डिनंडजोनाथनपास्कू

ऑफिसात हे दुरुस्त करायला तिला अर्धं मिनिट लागलं असतं.

नावं सुटी करता येत होती. पण यातलं गेलेलं कोण आणि देणारं कोण? गावाला पाठ होतं, तिला नव्हतं. पहिल्या बाकावर सासू फ्लॉसी ताठ बसली होती. "आमची सून कॉम्प्युटरवाली," असं फादरना तिनेच सांगितलं होतं.

"इनास."

नाव आलं की त्या घरचं माणूस उठून मेणबत्ती लावी. म्हातारा बेसिल उठला. आग्नेस? देणारी असेल. शर्लीने ते नाव गाळलं.

"अगं ए, माझी बायको कुठे गिळलीस?" बेसिल ओरडला. "तेवीस वर्षं झाली तिला जाऊन!"

लोक हसले. फ्लॉसी हसली नाही.

"आग्नेस," शर्ली घाईने म्हणाली. बेसिल समोरच उभा होता. त्याचं नाव तिने ओलांडलं. आता कुणाचं मेलेलं माणूस गाळायचं नाही.

"फर्डिनंड."

सालोमी उठली. नवऱ्याची मेणबत्ती लावून ती बाकाकडे वळली.

पुढचं नाव. या नावाचा माणूस शर्लीला गावात कधी भेटला नव्हता.

"जोनाथन."

सालोमी जागीच थांबली.

"शर्ली!" फ्लॉसी दबक्या आवाजात म्हणाली. "तिचा पोरगा आहे तो. बोटीवर असतो. महिना झाला, फोन नाही त्याचा."

सालोमी माईकपर्यंत आली. आवाज अगदी हळू होता.

"बाय, तुला कुणी कळवलं?"

शर्लीने तोंड उघडलं. विंडोज. लिनक्स. खूण. यातला एकही शब्द बाहेर आला नाही.

सालोमी मागे फिरली आणि तिने दुसरी मेणबत्ती उचलली.

यादीसाठी बापाचं नाव जोनाथननेच सप्टेंबरच्या अखेरीस, बोटीवरून फोन करून, कार्यालयात लिहून घ्यायला लावलं होतं.