हिरवं बटण

मुलांनो, डोळे मिटा आणि अशी शाळा मनात आणा, जिथे प्रत्येकाच्या कॉलरवरचं हिरवं बटण श्वासातला सर्दीचा विषाणू ओळखतं. विषाणू सापडला की ते लाल होतं आणि त्या मुलाला घरी जावं लागतं.

खो-खोच्या अंतिम सामन्याच्या सकाळी कप्तान देवकीचं बटण लाल झालं. तिने त्यावर मावशीची हिरवी नेलपॉलिश फासली आणि ती खेळायला गेली. साधी सर्दीच तर होती! पण संघातल्या सुगंधाला जन्मापासून सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. तिच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकून अडकायच्या, म्हणून तिला सर्दीही जीवघेणी ठरू शकत होती. देवकीची साधी सर्दी सुगंधाच्या थेट छातीत उतरली.

देवकी दवाखान्यात गेली, तेव्हा सुगंधा काचेपलीकडे नळीतून प्राणवायू घेत होती.

"ये गं कप्तान!" काचेतल्या जाळीतून तिचा दमलेला आवाज आला. "आपल्या वर्गातल्या त्या गजूला सांग, बरी झाले की कान उपटते तुझे. सामन्यानंतर त्याचंच बटण लाल झालं होतं ना? त्याचीच सर्दी मला लागली. आता वर्गात कुणी बोलत नाही म्हणे त्याच्याशी. बरी खोड मोडली!"

देवकीच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्गात सगळे गजूला दोष देत होते, तेव्हा तिने खरं सांगितलं नव्हतं.

"रडू नको गं, किती माया तुझी," म्हणत शेजारी उभ्या असलेल्या सुगंधाच्या आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

देवकीने तो हात हळूच बाजूला केला आणि जाळीजवळ जाऊन म्हणाली, "सुगंधा, गजू नाही. ती मी होते."